आंबलेला घोट

नाशिकच्या एका हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या माणसाने माझ्या ब्रँडच्या बीअरचा घोट घेतला आणि ग्लास हळूच दूर सारला. तो हात मी अजून विसरलेले नाही. बीअर आंबली होती. ती आपल्या कारखान्यात मला बनवून देणाऱ्या जाधवांनी टाक्या नीट धुतल्या नव्हत्या, वर माझी कृतीच चुकीची असल्याचं सगळीकडे सांगितलं. माझा ब्रँड बुडाला.

परवा बीअरच्या धंद्यात उतरणाऱ्या एका मुलीने विचारलं, "बीअर बनवायचं काम जाधवांकडे देऊ का?"

"आधी टाकी उघडायला लावा आणि वास घ्या," मी म्हणाले.

संध्याकाळी जाधवांचा फोन आला. "काय सांगितलंत तिला? करार न करताच गेली."

"वास घ्यायला सांगितलं."

त्यांनी फोन ठेवला. सूड इतक्या हळू आवाजात घेता येतो, हे मला तेव्हा कळलं. उद्या आणखी दोघं सल्ल्याला येणार आहेत. तोवर जाधवांनी टाक्या धुऊ नयेत, एवढीच माझी इच्छा आहे.