श्रावण खोब्रागडेने लग्न का मोडलं

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं, पत्रिका छापून घरी आल्या होत्या, आणि लग्नाला बारा दिवस उरले असताना श्रावण खोब्रागडेने आईला सांगितलं की आपल्याला हे लग्न करायचं नाही. मीराबाई आधी हसली, मग रागावली, मग रडली. मुलगा मान खाली घालून बसला तो बसलाच.

दुसऱ्या दिवशी पोंभुर्ण्याकडून मुलीचा, पुनमचा, भाऊ राजदीप आला. चहा समोर होता, त्याला त्याने हात लावला नाही. त्याने एवढंच विचारलं, "पोरीत काई खोट दिसली का?"

श्रावणने मान हलवली.

"मंग काऊन?"

ह्याचं उत्तर श्रावणजवळ होतं, पण ते तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. राजदीप पाऊण तास बसला आणि उठून गेला. श्रावणने कारण दिलं नाही, म्हणून पुनमच्या गावाने आपल्या मनाने कारण शोधून काढलं. पत्रिका छापल्यावर लग्न मोडतं तेव्हा मुलीचंच काहीतरी असतं, असं विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीत बोललं जाऊ लागलं. दोन वर्षांनी पुनमला राजुऱ्याकडच्या एका बिजवराला दिली. तो तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा होता. हे श्रावणला मूल ह्या आपल्या गावच्या बाजारात कळलं, आणि हातातली पिशवी तिथेच ठेवून तो घरी आला.

खरं कारण फार मागचं होतं. श्रावण पंधरा वर्षांचा असताना एका सकाळी त्याला चड्डी ओली दिसली. शाळेतल्या मोठ्या मुलांनी समजावलं की हे फार वाईट आहे, रक्ताचे चाळीस थेंब आटतात तेव्हा ह्या धातूचा, वीर्याचा, एक थेंब होतो. श्रावणने ते हिशेबासारखं मनात धरून ठेवलं. धानाच्या बांधीत काम करून कंबर दुखली की त्याला ती आठवण यायची, परीक्षेत मार्क कमी पडले तरी तीच. एसटी स्टँडच्या भिंतीवर गुप्तरोगाच्या जाहिराती होत्या. त्या तो कोणी बघत नाही असं पाहून वाचायचा. जे काही लिहिलं होतं ते सगळं आपल्यालाच झालंय असं त्याला वाटायचं.

साक्षगंध झाल्यावर धीर करून तो बाजारात तंबू ठोकून बसणाऱ्या एका औषधवाल्याकडे गेला. त्या माणसाने काचेच्या ग्लासात त्याची लघवी घेतली आणि चिमूटभर पूड टाकली. ग्लासातलं पाणी दुधासारखं गढूळ झालं. "पाह्य," तो म्हणाला, "सारी धातू वाहून चालली. बायको केली तर तिची जिंदगी खराब करशीन."

पुनमला श्रावणने दोनदाच पाहिलं होतं. दुसऱ्या वेळी ती त्याला म्हणाली होती की तिला शिवणकाम येतं आणि लग्न होऊन मूलला आल्यावर ती मशीन घेणार आहे. ग्लास समोर धरून त्या माणसाने ते सांगितलं तेव्हा श्रावणला ती मशीनच आठवली. तिचं वाटोळं करण्यापेक्षा आपण बाजूला झालेलं बरं, असं त्याने ठरवलं. त्यात आपण काही चांगलं करतोय असंही त्याला वाटलं.

पुढे त्याने लग्न केलंच नाही. काही वर्षं राइस मिलमध्ये पोती वाहिली, मग तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणून कंत्राटावर लागला. नळ्या धुणं, नमुन्यांवर नंबर टाकणं, पेशंटला हाक मारणं ही त्याची कामं. तो मन लावून करायचा. आई अधूनमधून स्थळ सुचवायची, आणि तो उठून कामाला लागला की आपल्याच नशिबाला बोल लावायची. शेवटी तिने सुचवणंही सोडलं.

प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ रंजीताताई एकदा एक नळी दिव्यावर धरून तापवत होत्या. नळीतली लघवी हळूहळू पांढरी गढूळ झाली. धुवायच्या नळ्या तशाच सोडून श्रावण जवळ आला. त्याचा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, काय झालं. त्याने विचारलं, ह्या माणसाची धातू जाते का?

रंजीताताईंना प्रश्न आधी समजला नाही. समजल्यावर त्या हसल्या नाहीत, हे श्रावण पुढे आयुष्यभर विसरला नाही. त्यांनी नळीत आम्लाचे दोनतीन थेंब सोडले. गढूळपणा विरला, पाणी पुन्हा स्वच्छ झालं. हे क्षार असतात, त्या म्हणाल्या, आपल्या खाण्यापिण्यातून येतात. तापवलं की दिसतात, अन् कोणी सोडा टाकला तरी दिसतात. दवाखान्यातल्या कोणाचीही लघवी आणा, बहुतेकांची अशीच होईल.

श्रावण मागच्या दाराने बाहेर गेला आणि नळाखाली डोकं धरून बराच वेळ उभा राहिला. लग्न मोडून तेव्हा तेरा वर्षं झाली होती.

हे तो कोणाजवळ बोलला नाही. बोलायचं तर पुनमचं नाव घ्यावं लागलं असतं. आणखी सहासात वर्षं गेली. मग एका मेडिकल कॉलेजची तुकडी गावागावांतल्या पुरुषांचं सर्वेक्षण करायला आली. तुकडीच्या प्रमुख डॉक्टर साक्षी वयाने लहान होत्या, आणि त्यांच्यासमोर पुरुष तोंड उघडत नव्हते. प्रश्न विचारायला गावातला, वयाचा माणूस पाहिजे होता. श्रावणला विचारलं. तो दोन दिवस विचार करून हो म्हणाला.

प्रशिक्षणात साक्षी मॅडमनी सगळं सरळ सांगितलं. वीर्य रक्तातून बनत नाही. ते अंगात रोज तयार होत असतं, वापरलं नाही तर झोपेत बाहेर येतं किंवा आपोआप जिरतं, आणि त्याने ताकद जात नाही. ज्यांना धातू जाण्याची तक्रार असते आणि ज्यांना नसते, अशा माणसांचा डॉक्टरांनी आपल्या देशात पुष्कळ अभ्यास केला आहे. तक्रार असणाऱ्यांच्या तपासण्या बहुधा चांगल्या निघतात, मात्र त्यांच्यात भीती आणि उदासी जास्त सापडते. "म्हणजे माणूस आजारी पडतो तो ह्या समजुतीने," त्या म्हणाल्या. श्रावणने वहीत ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.

मग तो गावोगाव फिरला. बंद दाराआड एकेका माणसाला प्रश्न विचारले. पहिल्याच गावात निम्म्याहून जास्त लोकांनी तीच चाळीस थेंबांची गोष्ट सांगितली. कोणी बैल राखणारा होता, कोणी ग्रामपंचायतीचा सदस्य, एक तर सत्तरीचा म्हातारा. प्रत्येकाला वाटत होतं की हे आपलं एकट्याचं आहे.

पोंभुर्णा तालुक्यातल्या एका गावात निकेश नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण समोर बसला. हातापायांनी दणकट, पण उत्तरं देताना नजर जमिनीवर. शेवटच्या प्रश्नावर तो म्हणाला, "भाऊ, लग्न ठरलं आहे माह्यं. दिव्यानी नाव आहे तिचं. मी घरी 'लग्न नको' म्हणून राह्यलो आता."

"काऊन?" श्रावणने विचारलं, आणि राजदीपचा आवाज आपल्या तोंडून निघाल्यासारखा त्याला वाटला.

निकेशने तीच चाळीस थेंबांची गोष्ट सांगितली. प्रश्न विचारताना सल्ला द्यायचा नाही असा नियम होता. श्रावणने कागद मिटून पिशवीत ठेवला आणि स्वतःची हकीकत सांगितली, तंबूपासून नळीपर्यंत. जन्मात पहिल्यांदा. निकेशने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या पोरीचं काय झालं?"

श्रावणने खरं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नियम मोडल्याचं त्याने साक्षी मॅडमना कळवलं. त्यांनी निकेशचा कागद सर्वेक्षणातून काढला, आणि निकेशला स्वतः दवाखान्यात तपासलं. वैशाखात त्याचं लग्न झालं.

पण निकेशचा प्रश्न श्रावणच्या डोक्यातून जाईना. पावसाळ्याआधी तो राजुऱ्याला गेला. पुनमचा नवरा वारला होता. ती शाळकरी मुलींचे युनिफॉर्म शिवायची. तिने त्याला ओळखलं, खुर्ची दिली, आणि मशीन थांबवून ऐकत राहिली.

"वीस वर्सं झाली," ती म्हणाली. "माही माय मरेपर्यंत मलेच पुसे, तू काय केलं होतं म्हणून. आता मले सांगून काय फायदा? तिथं माह्या गावात जाऊन सांगा. ज्यायनं बोललं, त्यायच्यासमोर सांगा."

श्रावण म्हणाला, सांगतो.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर तो पुनमच्या माहेरच्या बुद्धविहारात उभा राहिला. बाया-माणसं मिळून चाळीसेक लोक होते. राजदीपचे केस पांढरे झाले होते, तो भिंतीला टेकून बसला होता. श्रावणने आधी सांगितलं की पुनमबाईत कधीही काही खोट नव्हती, लग्न आपण मोडलं. मग का मोडलं तेही सांगितलं, बायकांसमोर, 'धातू' ह्या शब्दासकट. मागून एकदोघे हसले. तो थांबला आणि हसू संपल्यावर पुढे बोलला. ग्लासातलं पाणी गढूळ का झालं, तेही त्याने समजावून दिलं.

राजदीप उठून जवळ आला. "त्या दिवशी हेच सांगतलं असतं तर?" तो म्हणाला.

"लाज वाटली, भाऊ."

"तुमची लाज तिनं भोगली," राजदीप म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. त्याच्यामागे विहार हळूहळू रिकामा झाला. दोन तरुण मात्र दाराशी घुटमळत राहिले. बाकीचे गेल्यावर त्यांतल्या एकाने श्रावणला त्याच्या दवाखान्यात कोणत्या दिवशी यायचं ते विचारलं.

पुनम कित्येक वर्षं माहेरच्या कोणत्याही कार्यक्रमाला येत नव्हती. त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती मुलीला घेऊन आली, तीन दिवस राहिली आणि गावातल्या घराघरात जाऊन बसली. श्रावणला हे निकेशकडून कळलं, त्याचं गाव तिथून जवळच होतं. तिने श्रावणला फोन केला नाही, निरोपही पाठवला नाही, आणि त्यानेही कधी तशी अपेक्षा धरली नाही. तो दर गुरुवारी दुपारी दवाखान्यातल्या मागच्या खोलीत पुरुषांसाठी बसतो. येणारा माणूस आधी कंबरदुखीचं सांगतो. श्रावण दार लोटून घेतो आणि वाट पाहतो.