घटनेची सातवी दुरुस्ती आणि मी

छप्पन साली घटनेची सातवी दुरुस्ती झाली आणि आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला. घरातलं एक भांडंसुद्धा हललं नाही, तरी आमचे वकील वडील महिनाभर प्रवासातून आल्यासारखे थकलेले असत. पुढच्याच वर्षी मला ढाणकीजवळच्या बंजारा तांड्यावर मास्तरणीची नोकरी लागली. वडिलांची अट होती: नोकरी टिकली तर ठीक, नाहीतर नागपूरच्या स्थळाशी लग्न. ते स्थळ मी पाहिलं होतं. चहा संपेपर्यंत ते स्वतःच्या पचनाविषयी बोलत होतं. त्यामुळे नोकरी टिकवणं भाग होतं.

पण पोरं गोरबोली बोलणारी आणि मी मराठी. मी “बसा” म्हटलं की ती सोयीनं अर्थ लावून घरी जात.

अशात वडील मला भेटायला आले. समोर चार माणसं बसलेली दिसली की वकिलाची जीभ वळवळतेच. तांड्याच्या नायकाला त्यांनी अख्खी दुरुस्ती समजावून सांगितली. ज्यांची भाषा वेगळी, त्यांच्या लहान पोरांना मातृभाषेतून शिकवायची सोय व्हावी, असंही तीत आहे म्हणाले. नायक खूश झाला. मग माझ्याकडे वळला.

“मंग बाई, तुम्ही कायले आल्या?”

सख्ख्या बापानं माझी केस हरवली होती! असा संताप आला की त्यांच्या पुढ्यातली भाकरी काढून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली पंचायत बसली. तांड्याचं भांडण कोर्टात जात नसे, नायकापुढेच मिटे. बाईला परत पाठवा, असंच बहुतेकांचं मत पडलं. नायकानं सगळ्यांचं ऐकून घेतलं.

“दिल्लीवाल्यायची घटना दुरुस्त होते, त बाई काहून नाही होणार?” तो म्हणाला. ठरलं: सकाळी मी पोरांना शिकवायचं, दुपारी पोरांनी मला.

शाळा तपासणारे डिप्टी साहेब आले ते नेमके दुपारी. आईला ‘याडी’ म्हणायचं विसरले म्हणून मी कान धरून उभी होते आणि पहिलीतली एक पोरगी छडी घेऊन माझ्यापुढे.

“हे काय चाललंय?”

“घटनेची अंमलबजावणी, साहेब.”

“उद्यापासून येऊ नका!”

डोळ्यांपुढे ते पचनवालं स्थळ उभं राहिलं आणि मला रडू फुटलं. तेवढ्यात नायक धावत आला.

“साहेब, बाईले नेता येत नाही. आमच्याजवळ शिकून राह्यली अन् नापास झाली. नापासाले त्याच वर्गात बसवतेत ना?”

साहेबांनी छडीवालीला पाढे विचारले. तिनं मराठीत घडाघडा म्हटले. साहेब जरा वेळ मिशी ओढत राहिले.

“बसू द्या आणखी एक वर्ष,” म्हणाले.

वर्ष सरलं आणि नायकासमोर माझी परीक्षा झाली. सगळं बिनचूक आलं. छडीवालीनं नायकाकडे पाहिलं, नायकानं माझ्याकडे, आणि दोघांनी मिळून मला पुन्हा नापास केलं.