फाटकाजवळचा पांढरा चौकोन

माझ्या यजमानांना कारखान्यात कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्यांना ‘जागेवर’ म्हणत. आज जागेवरांची बस आहे, जागेवर आज तापलेले आहेत, असे तिथे सर्रास बोलले जाई. प्रत्येक वस्तू जागेवर हवी आणि प्रत्येक माणूसही जागेवर हवा, हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून वीसदा येत असे. एकोणतीस वर्षे त्यांनी कारखान्याची बस चालवली. सकाळी कामगारांना आणणे आणि दुपारी पाळी सुटली की त्यांना पोहोचवणे, हे त्यांचे काम. त्यात त्यांनी एकदाही उशीर केला नाही. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहायचे आहे ते त्यांच्या बाजूचे नाही, आणि माझ्याही बाजूचे नाही.

प्रौढांच्या वर्गात बाईंनी आम्हाला एकदा निबंधाचा विषय दिला होता : घरात आणि रस्त्यावर रोज खटकणाऱ्या गोष्टी. कोणी शेजाऱ्याच्या रेडिओवर लिहिले, कोणी जिन्यात थुंकणाऱ्यांवर. मी त्या दिवशी वही कोरी ठेवली. यजमानांना काय काय खटकत असे त्याची यादी मला तोंडपाठ होती, परंतु ती यादी एका माणसाच्या पायापाशी जाऊन संपते. तिथपर्यंत लिहिण्याचे धैर्य यायला मला आणखी दोन वर्षे लागली.

घरातली यादी अशी. उंबऱ्याच्या आत चप्पल दिसता कामा नये. स्टूल भिंतीला टेकलेलेच हवे, वीतभरही पुढे नको. कपाटाचे दार अर्धे उघडे राहिले तर त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. पाण्याची बादली मोरीच्या कोपऱ्यात, केरसुणी दारामागे, कात्री खिळ्यावर. आमच्या घरात माशीनेसुद्धा कुठे बसू म्हणून आधी विचारावे, असे शेजारीण म्हणे, आणि मी हसत असे. लग्न झाल्यापासून मला त्याची सवय होती. माणूस शिस्तीचा आहे, एवढेच मी समजले होते.

रस्त्यावरची यादी ते घरी येऊन सांगत. सायकलवाले बाजूने घुसतात. मोटारीतली माणसे मागे न बघता दार उघडतात. बायका बोलता बोलता पदपथावरून खाली उतरतात. प्रत्येक तक्रारीच्या शेवटी एकच वाक्य असे : “मध्येच येतात.” शेवटच्या पाच वर्षांत हे वाक्य फार वाढले. रोज कोणीतरी मध्येच आलेले असे. पूर्वी ते रागावून झाले की शांत होत. आता हात धुतानाही त्यांचा राग चालू असे आणि त्यांच्या कपाळावरचा घाम वाळत नसे.

या तक्रारींत कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी सर्वांत वरच्या क्रमांकावर होता. तो उंच, किडकिडीत आणि चहाचा शौकीन होता. बस आत येताना फाटक उघडून धरणे हे त्याचे काम. तो कधी या अंगाला उभा राही, कधी त्या अंगाला. यजमानांनी त्याच्याविरुद्ध दोन वेळा लेखी तक्रार केली की हा माणूस जागेवर नसतो आणि बससमोर मध्येच येतो. दुसऱ्या तक्रारीनंतर कचेरीने फाटकाच्या आत, डाव्या खांबालगत, पांढऱ्या रंगाने एक चौकोन काढून दिला. बस येताना पहारेकऱ्याने त्या चौकोनात उभे राहायचे, असे ठरले. पहारेकरी त्यावर सर्वांना सांगे की जागेवरांनी मला जिवंतपणीच चौथरा बांधून दिला. त्याच्या या विनोदावर लोक पुष्कळ हसत.

त्याच सुमारास मुलाचे लग्न झाले आणि सूनबाई घरात आली. ती अबोल होती. आल्यापासून यजमान तिच्यावर खेकसू लागले. तिने तांब्या खाली ठेवला की त्यांचा पाय त्याला लागे, तिने ताट सारले की त्यांचे कोपर त्यावर जाई. ही मुलगी पसारा करते, तिला वळण नाही, असे ते म्हणत. मीही मान डोलावत असे. सासू झालेल्या बाईला मान डोलावणे सोपे असते.

एके दिवशी दुपारी यजमान वर्तमानपत्र वाचत बसले होते. रोज दुपारी कामगारांना पोहोचवून घरी आले की ते मला मोठ्याने बातम्या वाचून दाखवत. मला तेव्हा अक्षर येत नव्हते. सूनबाई त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिने त्यांच्या कानाजवळ आपला पंजा हलवला. ते वाचत राहिले. तिने पंजा हळूहळू पुढे आणला, गालापर्यंत, डोळ्याच्या कडेपर्यंत. ते वाचतच राहिले. पंजा नाकासमोर आला तेव्हा ते दचकले आणि काय पोरखेळ चालवला आहे, असे म्हणून तिच्यावर ओरडले.

तिने मला मागच्या दारी नेले.

“आई, बाबांची सगळी भांडणं बाजूच्या वस्तूंशी आहेत. समोरच्या एकाही वस्तूशी नाही,” ती म्हणाली. “त्यांना बाजूचं दिसत नाही.”

मी तिला वेड्यात काढले. जो माणूस मुंगीएवढे अक्षर वाचतो त्याला तुझ्या हाताचा पंजा दिसणार नाही का, असे मी विचारले. ज्याला वाचता येते त्याला सर्व काही दिसते, अशी माझी श्रद्धा होती. डोळ्यांचे त्याहून अवघड काम जगात असेल असे मला वाटलेच नव्हते. कारखान्यात दरवर्षी डोळे तपासत, तेही असेच : भिंतीवर तक्ता, त्यावर अक्षरे. यजमान शेवटची ओळसुद्धा न अडखळता वाचत.

“अक्षर समोर असतं, आई,” सूनबाई म्हणाली.

हे वाक्य मला त्याच क्षणी पटले. ते मी आज लपवणार नाही. पण यजमानांच्या निवृत्तीला तेरा महिने राहिले होते. आमच्या दोन खोल्या कारखान्याच्या होत्या. डोळ्यांवरून त्यांना आधीच काढले असते तर त्या खोल्या महिन्याभरात सोडाव्या लागल्या असत्या, आणि मुलाला अजून पक्की नोकरी नव्हती. मी क्षणात हे सगळे मनात फिरवले आणि सूनबाईचे मनगट धरले.

“तेरा महिने तोंड बंद ठेव,” मी म्हणाले. “एवढंच कर.”

तिने तोंड बंद ठेवले. मी डोळ्यांवर कातडे ओढून घेतले. त्या दिवसापासून घरातली प्रत्येक वस्तू मी स्वतः जागेवर ठेवू लागले. ते उठण्याआधी मी उंबऱ्यापासून मोरीपर्यंतची वाट मोकळी करीत असे. घरातले खेकसणे थांबले. सूनबाईला अखेर वळण लागले, असे यजमान म्हणाले. घरात मी त्यांच्यासाठी वाट मोकळी करू शकत होते. रस्ता मोकळा करणे माझ्या हातात नव्हते, आणि हे मला रोज सकाळी त्यांच्या हाती डबा देताना ठाऊक असे.

असे आठ महिने गेले. नवव्या महिन्यात, भर दुपारी, पाळी सुटण्याच्या आधी यजमान रिकामी बस घेऊन फाटकातून आत वळले. बस डाव्या खांबाला घासली आणि पहारेकरी खांब व बस यांच्यामध्ये सापडला. तिथे तिसरे कोणी नव्हते. लोक धावत आले तेव्हा तो बेशुद्ध होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

यजमान घरी आले ते पाणीही न पिता भिंतीकडे तोंड करून बसले. काय झाले असे मी विचारल्यावर त्यांनी एवढेच सांगितले, “मध्येच आला.”

चौकशी झाली. पहारेकऱ्याने शुद्धीवर आल्यावर सांगितले की मी चौकोनातच उभा होतो. यजमानांनी सांगितले की तो मध्येच आला. मग कचेरीने जुन्या फाइली काढल्या आणि त्यांत यजमानांच्या त्या दोन तक्रारी निघाल्या. हा माणूस जागेवर नसतो, असे त्यांत आधीच लिहिलेले होते. चहाच्या टपरीवाल्यानेही सांगितले की तो ड्युटी सोडून अनेकदा चहाला येई. डोळ्यांचा तक्ता पुन्हा लावला गेला आणि यजमानांनी शेवटची ओळ पुन्हा घडाघडा वाचली.

चौकशी करणारे साहेब आमच्या घरीही आले. त्यांनी मला विचारले की यांना दिसण्याचा काही त्रास होता का. सूनबाई चुलीपाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

“हे रोज मला पेपर वाचून दाखवतात,” मी म्हणाले. “बारीक अक्षरसुद्धा.”

यातला शब्दन्‌शब्द खरा होता, आणि सगळे मिळून ते खोटे होते. कारकुनाने ते लिहून घेतले, मला वाचून दाखवले, आणि मी त्याखाली अंगठा उमटवला. पहारेकऱ्याने स्वतःच्या बेपर्वाईने अपघात ओढवून घेतला, असा निकाल लागला आणि त्याचे काम गेले. तो आपल्या थोरल्या बहिणीकडे राहायला गेला. ती बहीण तोंडाची तिखट होती. चहाच्या नादात पाय घालवलास, आता माझ्या उरावर बस, असे ती त्याला येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ऐकवी. त्या गल्लीतून जाणे मी सोडून दिले. बाजारात जाताना मी लांबचा रस्ता धरी.

यजमानांनी पुन्हा बस चालवली नाही. छाती दुखते असे कारण देऊन ते घरी बसले. त्यांचे उरलेले महिने रजेत गेले आणि ते वेळेवर निवृत्त झाले. तोवर मुलाला नोकरी लागली होती आणि आम्ही दुसरीकडे राहायला गेलो. म्हणजे ज्या खोल्यांसाठी मी तोंड मिटले, त्या खोल्यांत आम्ही अपघातानंतर जेमतेम पाच महिने राहिलो.

पुढे सूनबाईने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले की बाजूची नजर जाऊन बरीच वर्षे झाली असावीत. हा माणूस नळीतून पाहावे तसे पाहत होता. समोरचे स्पष्ट, कडेला काही नाही. तक्त्यावरून हे कळत नाही. घरात कोणाच्या लक्षात आले नाही का, असे डॉक्टरांनी विचारले. घरी येताना मी एकदाही तिच्याकडे पाहू शकले नाही.

ती नळी हळूहळू बारीक होत गेली. आता यजमानांना काहीच दिसत नाही. वर्तमानपत्र पडून राहू लागले तेव्हा, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी वर्गात नाव घातले. आता दुपारी मी त्यांना बातम्या वाचून दाखवते. मी अडखळले तरी ते रागावत नाहीत. स्टूल पुढे राहिले आणि त्यांच्या नडगीला लागले तरीही ते काही बोलत नाहीत, हातानेच ते भिंतीला सारतात. या गप्प बसण्याची मला त्यांच्या रागापेक्षा जास्त भीती वाटते.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी हे सर्व त्यांना वाचून दाखवले. सूनबाई दारात उभी होती. अपघाताच्या जागी मी असे लिहिले होते की पहारेकरी चौकोनात होता की बाहेर आला होता, हे देवालाच ठाऊक. ते वाक्य ऐकल्यावर त्यांनी हात वर केला.

“ते खोड,” ते म्हणाले.

मी का म्हणून विचारले.

“तो जागेवर होता. मी उतरून पाहिलं होतं. त्याचा पाय चौकोनातच होता.” मग त्यांनी विचारले, “लिहिलंस?”

लिहिते आहे, असे मी म्हणाले. त्यांच्यासमोरच मी ते वाक्य खोडले आणि त्यांचे वाक्य जसेच्या तसे वेगळ्या कागदावर उतरवले. त्याखाली त्यांनी सही केली. सहीची जागा मी त्यांचे बोट धरून दाखवली. माझी सही मी खाली केली, या वेळी अंगठा नाही. एक प्रत कचेरीसाठी, एक पहारेकऱ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई आणि मी सहा वर्षांनी त्या गल्लीत गेलो. पहारेकरी उंबऱ्यात बसला होता, कुबड्या भिंतीला टेकलेल्या. त्याची बहीण आत भांडी घासत होती. त्याने मला ओळखले, पण बसा म्हटले नाही. मी उभ्यानेच कागद वाचला.

‘तो जागेवर होता’ हे वाक्य त्याने पुन्हा वाचायला सांगितले. मी वाचले. त्याने आणखी एकदा वाचायला सांगितले, आणि मोठ्याने. मी मोठ्याने वाचले. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

तो माझ्याकडे बघत नव्हता. तो मान वळवून आत, बहिणीकडे बघत होता.

“अक्का,” तो म्हणाला, “ऐकलंस?”

काही वेळाने आत भांडी पुन्हा वाजू लागली. मी कागद घडी करून त्याच्या हातात ठेवला आणि आम्ही दोघी निघालो.