वडावरची पिशवी

कापशी पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी होती. तापलेल्या फरशीवर अनवाणी माणूस पाय उचलतो तशी एकदा डावा खूर उचलायची, एकदा उजवा. दीड दिवसाचं शिंगरू कासेला ढुसण्या देत होतं आणि तिचं तिकडं लक्षच नव्हतं. मी खुराला हात लावून बघितला. गरम. थर्मामीटर लावला. ताप एकशे तीनच्या वर.

"नालाचा खिळा लागला असंल, मावशी," मारोती म्हणाला. "सकाळपासून दोनदा तळवे बघितले. काटा न्हाई, खडा न्हाई. तरी बी ही अशी करून राहिली."

मारोती म्हणजे कापशीचा मालक. आमच्या सेनगाव तालुक्यात लग्नाच्या वरातीला जी पांढरी घोडी दिसते ती बहुतेक वेळा हीच. कापसासारखी म्हणून कापशी. अडीच एकर जमीन आणि ही घोडी, एवढ्यावर त्याचं घर चालतं.

आणि मी म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातली मावशी. कागदावर माझं पद परिचर. माझे मालक, म्हणजे नवरा, वारले तेव्हा त्यांच्या जागी लागले. शिक्षण सातवी. झाडू मारायचा, सुया उकळायच्या, एवढंच काम होतं माझं. पण बघून बघून माणूस शिकतं. डॉक्टर साहेब काय करतात, का करतात, ते मी विचारत राहायचे आणि घरी येऊन पोरीच्या जुन्या वहीत लिहून ठेवायचे. पुढं पुढं लोक साहेबांच्या आधी मलाच फोन लावायला लागले. त्याचा मला थोडा गर्व झाला होता, हे आधीच सांगून टाकते. गोष्ट त्याचीच आहे.

हे शिंगरू सहज झालेलं नव्हतं. तीन वर्षं कापशी गाभण राहत नव्हती. मारोतीच्या घरी पिढ्यान् पिढ्या गाई-म्हशी. गाय माजावर आली की त्याच दिवशी तिला वळू दाखवायचा, हे त्यांना पाठ. घोडीलाही तोच नियम लावला. कापशी माजावर आली की पहिल्याच दिवशी हा घोडा आणायचा आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवायचा. साहेबांनी त्याला समजावून सांगितलं, की गाईचा माज एखाद्या दिवसाचा, घोडीचा पाच-सहा दिवसांचा, आणि तिचं अंडं सुटतं ते शेवटाकडं. तू पाहुणा जेवायला बोलावतोस आणि स्वयंपाक व्हायच्या आत त्याला वाटेला लावतोस. मारोती लाजून हसला होता. त्या वर्षी दोन दिवस थांबून, एक दिवसाआड घोडा दाखवला आणि कापशी राहिली. मग अकरा महिने सगळ्या घरानं तिला जपलं. पोट दिसायला लागल्यावर वरातीला नेलं नाही.

रविवारी पहाटे ती व्याली. मादी शिंगरू. उजाडल्यावर मारोतीचा फोन आला. मी लसीकरणाला निघाले होते, खांद्याला लसीचा बर्फाचा डबा, पुढच्या गावात माणसं जनावरं बांधून वाट बघत बसलेली. तरी वाकडी वाट करून गेले. शिंगरू उभं होतं, चीक पीत होतं. मी विचारलं, "वार पडली?"

"पडली की. दोन तासात."

"झालं मग. सुटली बाई," म्हटलं, चहा घेतला आणि निघाले. साहेबांनाही तसंच कळवलं. सगळं व्यवस्थित म्हणून.

आणि आता सोमवारी दुपारी हे.

साहेबांकडं तेव्हा दोन दवाखान्यांचा चार्ज होता आणि त्या दिवशी ते मीटिंगला हिंगोलीला. फोन लावला. ताप सांगितला, खूर सांगितले. ते म्हणाले, "मावशी, वार पूर्ण पडली होती?"

"पडली होती साहेब."

"पूर्ण?"

मारोती माझ्याकडं बघत होता.

"मी बघितली न्हाई साहेब," म्हटलं.

इथं थोडं थांबून सांगते. वार म्हणजे पोटात पिल्लाभोवती असते ती पिशवी. गाईची वार आतून गुंड्यांसारखी ठिकठिकाणी अडकलेली असते. ती पडायला दिवस लागला तरी गाय बहुतेक वेळा निभावून नेते. घोडीचं तसं नाही. तिची वार मखमलीसारखी सगळीकडून चिकटलेली असते आणि तीन तासांत बाहेर आली पाहिजे. सगळी. तळहाताएवढा तुकडा आत राहिला तरी तो सडतो, त्याचं विष रक्तात जातं आणि जाऊन खुरांत बसतं. दुखणं पोटात आणि लंगडते पायानं. खुराच्या आतलं हाड एकदा का सुटलं की ती घोडी परत उभी राहत नाही. हे सगळं माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

साहेबांनी नीट सांगितलं. "ताप दुसऱ्या कशानं पण असू शकतो. तुकडा आत असेल तर मला जिल्ह्याच्या दवाखान्यातून लांब नळी आणि बाकी सामान घ्यावं लागेल, गर्भाशय आतून धुवावं लागेल. उगाच नळी घालायची नाही, त्यानंही नुकसान होतं. मी निघायच्या आत सांगा. वार कुठंय?"

मी मारोतीला विचारलं, वार कुठं टाकली. तो एकदम हळू बोलला.

"टाकली न्हाई. मायनं वडाला बांधली."

आमच्याकडची ही रीत बाहेरच्या माणसाला माहीत नसेल. जनावर व्यालं की वार उकिरड्यावर टाकत नाहीत, कुत्री खातात. पोत्यात भरतात आणि गावाबाहेरच्या वडाला उंच बांधतात. वडाला चीक असतो, दूध असतं. वार वडाला राहिली की जनावराचं दूध वाढतं, आणि कुणी खाली काढली की आटतं, असं मानतात. आमच्या वडाला कायम दहा-बारा पिशव्या लटकलेल्या असतात.

ती बांधणारी मारोतीची आई, यमुनामाय. ऐंशीच्या आसपासची, कमरेत वाकलेली, जिभेला मात्र जराही वाक नाही. ओसरीवर बसून ती सगळं ऐकत होती.

"काहून काढायची?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, बघायची आहे, तुकडा राहिला का ते.

"काल आलतीस की तू. काल तर गोठ्यातच पडली होती, पायापाशी. तवा चहा पिऊन गेलीस. आता डॉक्टरीणबाईला वडावरची पाहिजे."

मारोती मधे पडायला गेला तर त्याला म्हणाली, "तू गप. मागं आपल्या म्हशीची पिशवी वाऱ्यानं पडली, तीन दिवसांत म्हैस आटली. डोळ्यांनी बघितलं मी. हे लेकरू दीड दिसाचं हाय. त्याला काय वरून दूध पाजायचं हाय का?"

माझ्या जिभेवर आलं होतं, की माय, हे सगळं खोटं असतं. पण मी कापशीच्या कासेकडं बघितलं. कास ढिली पडायला लागली होती. तापानं दूध आटतं, हे मला माहीत. म्हातारीला भीती वाटत होती ती गोष्ट घडत होतीच, फक्त कारण आमचं दोघींचं वेगळं. शिंगरू उपाशी राहू नये एवढंच तिला पाहिजे होतं. मलाही तेच पाहिजे होतं. भांडायचं कशावर?

मी तिच्याजवळ जाऊन खाली बसले. म्हटलं, "माय, काल माझं चुकलं. बघायची होती, बघितली न्हाई. आता तुझ्यासमोर काढते, तुझ्यासमोर बघते, अन् परत तूच बांध. होती त्याच्यावरच्या फांदीला."

तिनं काठी उचलली.

"जमिनीला टेकू द्यायची न्हाई," म्हणाली.

म्हणून आमची वरात निघाली. पुढं म्हातारी, मागं डोक्यावर बाज घेतलेला मारोती, त्याच्यामागं मी, हातात घागर आणि मेणकापड. वडाखाली सगळ्या पिशव्या सारख्याच, खताच्या पांढऱ्या. यमुनामायनं मान वर न करता काठीनं दाखवली. "हिरव्या काठाची गाठ. माझ्या लुगड्याची हाय."

मारोतीनं वर चढून पिशवी सोडली, जपून खाली दिली. बाजेवर मेणकापड, त्यावर वार. चैत्रातलं ऊन आणि दीड दिवस. वासाचं सांगत नाही. मुंग्या लागल्या होत्या. मी नाकाला पदर बांधला आणि पसरायला लागले.

घोडीची वार पसरली की पायजम्यासारखी दिसते. वरती कमरेचा भाग, तिथं मोठं भोक, तिथून शिंगरू बाहेर आलेलं असतं. खाली दोन पाय, साहेब त्यांना शिंगं म्हणतात. ज्या पायात शिंगरू वाढतं तो जाड आणि मोठा, दुसरा बारीक आणि अरुंद. भोक फक्त एक, कमरेचं. पायांच्या टोकाला शिवण पक्की पाहिजे. तुकडा राहतो तो बहुतेक वेळा त्या बारीक पायाच्या शेंड्याचा. डोळ्यांना कळत नसेल तर पाणी ओतून बघायचं. गळालं की समजायचं.

जाड पाय सरळ केला, ठीक होता. बारीक पाय वळून वळून दोरीसारखा झाला होता, सुकला होता, मला नीट उलगडेना. मी आणि मारोतीनं कमरेकडून कडा धरून उचलल्या आणि म्हातारीला म्हटलं, माय, ओत पाणी. तिनं तांब्या तांब्या करून ओतलं. जाड पाय फुगला. बारीक पाय हळूहळू सुटा झाला, भरला आणि टोकाकडून धार लागली.

यमुनामायनं वाकून बघितलं. तिला काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तितं फाटकंच होतं," म्हणाली. "भरतानाच दिसलं होतं मला. शेंडा न्हाई म्हणून."

मारोतीच्या हातातून कड सुटता सुटता राहिली. "मग बोलली काहून न्हाईस?"

"कुणाला बोलू? तू फोनवर फोटो पाठवत होतास. ही चहा पीत होती. मला कुणी इचारलं?"

ती रागानं बोलली नाही. वाटेत पाणी कुठं मिळतं ते सांगावं तसं तिनं सांगितलं. कालची सकाळ माझ्या डोळ्यांसमोर आली. मी गोठ्याच्या दारात उभी राहून मारोतीशी बोलत होते आणि आत ही बाई उकिडवी बसून दोन्ही हातांनी वार पोत्यात भरत होती. इंच इंच तिच्या हाताखालून गेली. ऐंशी वर्षांत तिनं किती जनावरांची वार हाताळली असेल. साहेबांपेक्षा जास्त, माझ्यापेक्षा तर कितीतरी.

मी साहेबांना फोन केला. "बारीक शिंगाचा शेंडा न्हाई साहेब. चार बोटं तरी असंल." ते म्हणाले, निघालो. तोवर पाय बर्फात ठेवा.

बर्फ रसवंतीवरून आणला. कापशीचे पुढचे पाय दोन घमेल्यांत, वरून बर्फ आणि पाणी. खुराला विष चढतं तेव्हा थंडावा हेच पहिलं औषध. गावातल्या आचाऱ्याकडून आणलेल्या मोठ्या पातेल्यात पाणी उकळून, मोजून मीठ टाकून निवायला ठेवलं. यमुनामाय वडापाशीच थांबली होती. मारोतीला परत चढायला लावून तिनं पिशवी वरच्या फांदीला बांधून घेतली, मग घरी आली.

उन्हं कलायच्या आत साहेब पोचले. नळीनं आत ते मिठाचं पाणी सोडायचं, नळी खाली करून तेच पाणी बाहेर घ्यायचं. पहिलं पाणी चिंचेच्या कोळासारखं आलं. दुसरं तसंच. मग गर्भाशय आवळायचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं परत धुतलं, तेव्हा पाण्याबरोबर काळपट चिंधी आली. साहेबांनी ती हातात घेतली, माझ्या हातात दिली.

तीन दिवस रोज धुणं, इंजेक्शनं आणि बर्फ चाललं. शिंगराला मधे मधे शेळीचं दूध बाटलीनं पाजलं. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि कापशीनं स्वतःहून पाय उचलून घमेलं लाथाडलं. त्या घमेल्याचा आवाज मला अजून आठवतो. दूध हळूहळू परत आलं.

तो लग्नाचा हंगाम मारोतीचा गेला. कापशीच्या पुढच्या खुरांवर आडवी रेघ उमटली, ती वाढत वाढत खाली सरकून निघून जायला वर्ष लागलं. आता ती चांगली चालते. शिंगरू आईसारखं पांढरं नाही, विटकरी झालं. मोठं झाल्यावर पांढरं होईल असं साहेब म्हणतात. यमुनामायचा त्यावर विश्वास नाही.

दूध परत कशानं आलं, यावर मात्र गावात दोन मतं आहेत. साहेब म्हणतात, धुतल्यानं. यमुनामाय म्हणते, वरच्या फांदीनं. मला विचारलं तर मी म्हणते, दोन्ही केलं ते बरं झालं.

मी आता रिटायर झाले तरी फोन येतात. घोडी व्याली म्हणून कळवतात, वार पडली म्हणून सांगतात. पूर्वी मी विचारायचे, किती वेळात पडली. आता आधी विचारते, पोत्यात कुणी भरली. बहुतेक वेळा पलीकडचा माणूस म्हणतो, म्हातारीनं, किंवा बायकोनं.

मग मी म्हणते, फोन तिच्याकडं दे.