त्या दिवशी एकही फोटो हलला नाही

गेली आठ वर्षं मला जवळजवळ रोज ईश्वराचं साक्षात दर्शन घडत आलं आहे. कधी सकाळी, कधी दुपारी, जन्माष्टमीच्या आसपास तर दिवसातून दोनदा. तो बाळकृष्णाच्या रूपात येतो. डोक्यावर मोरपीस असतं, हाताशी बोटभर बासरी असते, कमरेला पितांबर असतं, आणि चौथ्या फोटोपर्यंत ते पितांबर बदलावं लागतं, कारण ईश्वराने सू केलेली असते. मी लातूरला नवजात बाळांचे फोटो काढते. लोणी, मडकं, मोरपीस हे सगळं माझ्याकडे असतं. बाळ आणि भक्तिभाव तेवढा घरच्यांनी आणायचा.

या कामाचं सगळं गुपित एका गोष्टीत आहे. बाळ हलता कामा नये. खोली उबदार करायची, बाळाला मऊ कापडात घट्ट गुंडाळायचं आणि मोबाइलवर ‘शूऽऽ’ असा एकसुरी आवाज लावायचा. पोटात असताना त्याला असंच काहीतरी ऐकू येत असतं म्हणे, त्यामुळे ते निवतं. मग ते गाढ झोपेपर्यंत वाट बघायची. हलणारं बाळ म्हणजे हललेला फोटो. त्यामुळे एखादं बाळ दगडासारखं पडून राहिलं की मी त्याच्या आईला मनापासून सांगते, “किती शहाणं लेकरू आहे हो तुमचं.” हे वाक्य मी किती घरांत म्हटलं असेल याची मोजदाद नाही. आता ते तोंडात आलं की माझ्या अंगावर काटा येतो. का, तेच सांगायला बसले आहे.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत सगळं संपलं. तिसऱ्यांदा टिकलं. नांदेडला आईने कोणत्या तरी देवीला दोरा बांधला, सासूबाईंनी कोणत्या तरी देवाला काही कबूल केलं. काय कबूल केलं ते त्या सांगत नव्हत्या, आणि मी विचारत नव्हते, कारण फेडायला मलाच जावं लागलं असतं. मी स्वतः कोणाकडे काही मागितलं नाही. देवाधर्माचा थाट मी जवळून पाहिलेला आहे, त्याचे फोटो काढलेले आहेत, कोणता हार कुठून आला हेही मला माहीत असतं. पण माझ्या नास्तिकपणाची खरी गोष्ट अशी की घरात लोकरीच्या टोप्यांनी, टोपल्यांनी, दुपट्यांनी भरलेलं आख्खं कपाट असताना त्यातली एक टोपीसुद्धा मी आपल्या बाळासाठी बाजूला काढली नव्हती. हात लावला तर दृष्ट लागेल असं वाटायचं. कोणाची लागेल, ते मात्र मला सांगता आलं नसतं.

पोटातल्या बाळाला तो ‘शूऽऽ’ आवाज मुळीच मानवत नव्हता. मोबाइल माझ्या एप्रनच्या खिशात असायचा, म्हणजे थेट पोटावर. आवाज सुरू झाला की आतून अशी लाथ बसायची की हातातला कॅमेरा हलायचा. सहाव्या महिन्यापासून माझे निम्मे फोटो त्यामुळे वाया जात होते. मी वैतागून नवऱ्याला सांगायचे, “तुझं लेकरू माझा धंदा बसवणार.” तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. तो म्हणायचा, “शटरचा वेग वाढव.”

नववा लागला तशी आई रोज फोन करू लागली. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा तिचा कायदा. “दुसऱ्यांची लेकरं सजवून राहिलीस, आता स्वतःचं बघ की. रविवारी गाडीत बस, मी गुळाचे लाडू करून ठेवलेत.” मी म्हटलं, रविवारी नक्की येते, शुक्रवारी औशाला एक शेवटचं बारसं आहे, तेवढं करते.

औशाचं घर व्यापाऱ्याचं होतं. कितीतरी वर्षांनी घरात नातू झाला होता आणि आजोबांनी बारशाला एका महाराजांना बोलावलं होतं. गल्लीच्या तोंडापासून मांडव, रांगोळी, पाद्यपूजेसाठी चांदीचं ताट. महाराज यायच्या आधी आतल्या खोलीत बाळाचे कृष्णाच्या वेशातले फोटो, आणि आल्यावर त्यांच्या मांडीवरचे, असं ठरलं होतं. आतल्या खोलीत एक म्हातारी शेगडी घेऊन बसली होती. गयाबाई. पंचक्रोशीतल्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालणारी. ओव्याच्या धुराचा आणि लसणाच्या तेलाचा वास तिच्या लुगड्यात कायमचा मुरला होता. महाराजांपायी बाळाची अंघोळ लांबली होती, त्यामुळे तिचा पारा चढलेला होता. “पाणी तीनदा तापीवलं,” ती कोणाला उद्देशून नाही असं म्हणाली. “देव म्हनून नटवायलेत, आन् देवाला अंगूळ न्हाई.”

मी आवाज लावला, बाळ झोपलं, आणि त्या दिवशी माझं काम असं झालं की मलाच नवल वाटलं. एकही फोटो हलला नाही. पापणीचा केस न् केस मोजावा असे स्वच्छ. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा माझे हात स्थिर होते. मी मनात म्हटलं, चला, शेवटी हे आमचं लेकरूही शिकलं म्हणायचं. किती शहाणं आहे. हे मी खरोखरच म्हटलं. मला ते अगदी स्वच्छ आठवतं. पोटावरून हातही फिरवला, शाबासकी दिल्यासारखा.

महाराज दोन तास उशिरा आले. भगव्या झेंड्याची, पुढून मागून झेंडूने मढवलेली मोठी गाडी मांडव घासत गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. पाद्यपूजा झाली, बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं, मी फोटो काढले. तेवढ्यात बाळाच्या आजीबाईंनी मला पुढे ढकललं. “महाराज, ह्या फोटोवाल्या ताई. लई वर्षांनी दिवस गेलेत. हात ठिवा डोक्यावर.” मी शंभर जणांसमोर नाही म्हणू शकले नाही. महाराजांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले, आणि गंभीर आवाजात म्हणाले, “अत्यंत शांत जीव आहे. तपस्वी आहे.” बायकांनी हात जोडले. आणि मी, जी असल्या महाराजांवरून घरी नवऱ्याला हसवून हसवून बेजार करते, ती मी खुलले. खोटं कशाला बोलू. मी कौतुकाने म्हणाले, “खरंच हो. सकाळपासून इतकं शांत आहे, एक लाथ नाही. एकही फोटो हलला नाही माझा.”

आतल्या दारातून आवाज आला. “कवापासनं?”

गयाबाई उभी होती. मी हसूनच म्हटलं, “सकाळपासून.” ती म्हणाली, “सकाळी हललं व्हतं का? नीट आठीव.” मी आठवू लागले. उठल्यावर? चहाच्या वेळी? गाडीत? आणि मग माझ्या लक्षात आलं की मला रात्रीचंही आठवत नाही. त्या क्षणी काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. कोणीतरी माझ्या हातातून कॅमेरा घेतला, तो मीच दिला की पडता पडता धरला, ठाऊक नाही. इतक्या दिवसांचं माझं शहाणपण, माझी नजर, माझं सगळं कसब माझ्या पोटाला टेकून उभं होतं आणि त्याने ते न हलणं उलटं वाचलं होतं.

म्हातारीने मनगटाला धरून मला आत नेलं, बाळंतिणीच्या बाजेवर डाव्या कुशीवर निजवलं, गुळाचं पाणी पाजलं आणि तेलकट हात पोटावर ठेवला. “तो तुझा आवाज लाव.” मी लावला. शूऽऽ. बाहेरून आणून पाळण्यात ठेवलेला बाळकृष्ण झोपला. माझ्या पोटात काही झालं नाही. ती हात न काढता बसून राहिली. मग पुन्हा एकदा, जागा बदलून. मग म्हणाली, “ऊठ. दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता.”

आजीबाई दारात होत्या. त्यांचा जीव कार्यात अडकलेला. “अगं, महाराजांनी आत्ता सांगितलंय ना, शांत जीव हाय म्हणून. उगं भ्या घालायलीस.”

“महाराजांना किती लेकरं झाली?” गयाबाई म्हणाली.

हे बाहेर ऐकू गेलं. अडचण अशी होती की गल्लीत ज्या काही गाड्या होत्या त्या सगळ्या महाराजांच्या गाडीमागे अडकल्या होत्या, आणि ड्रायव्हर आज्ञेशिवाय चाक हलवणार नव्हता. त्याबाबतीत महाराजांना मी पूर्ण श्रेय देते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. संस्कृतचा एक शब्द न वापरता ते ओरडले, “माझी गाडी न्या! पळवा!” त्या आवाजात ते पहिल्यांदाच मला कोणाच्या तरी घरातले काका वाटले.

औसा ते लातूर हा रस्ता मी शेकडो वेळा केला आहे. त्या दिवशी तो संपत नव्हता. मी मागच्या सीटवर आडवी, डोकं गयाबाईच्या मांडीवर. काचेतून नुसतं आभाळ आणि लोंबणारे झेंडू दिसत होते. झेंडा बघून लोक बाजूला होत होते, हात जोडत होते. एका चौकात गाडी जरा हळू झाली तर एका बाईने उघड्या काचेतून माझ्या पायांवर फुलं टाकली आणि नमस्कार केला. एरवी मी या प्रसंगावर आठवडाभर हसले असते. तेव्हा मात्र मी त्या अनोळखी बाईला मनात म्हटलं, कर, अजून एकदा नमस्कार कर, पोहोचू दे कुठे पोहोचायचा तो. माझे हातही जोडले गेले होते. कोणापुढे, ते मला आजही माहीत नाही. मी एवढंच म्हणत होते, हल. एकदा हल. माझे सगळे फोटो घालव, पण हल. आयुष्यात केलेली माझी ही एकमेव प्रार्थना, आणि तीत देवाचं नावही नव्हतं.

दवाखान्यात पोटाला पट्टा लावला. यंत्रातून आधी नुसती खरखर आली, शूऽऽ अशी, आणि मी डोळे घट्ट मिटले. मग त्या खरखरीतून ठोके आले. संथ, दमलेले, मध्येच अडखळणारे, पण होते. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनच्या कागदावर माझी सही घेतली तेव्हा त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं, “अजून तासभर उशीर झाला असता तर—” आणि त्या हात धुवायला गेल्या. नाळेचे मानेभोवती दोन घट्ट वेढे होते. मुलगी झाली. पहिला काही वेळ ती रडली नाही. तो वेळ किती होता हे नवरा आणि डॉक्टरीणबाई वेगवेगळं सांगतात. मी विचारणं सोडून दिलं आहे. मग ती रडली आणि थांबेना.

गयाबाई बाहेरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून होती, अनवाणी. तिच्या चपला औशाला मांडवाबाहेर भक्तांच्या ढिगात राहिल्या होत्या. बाळ रडल्याचं कळल्यावर ती माझ्या नवऱ्याला “पोरीला तेल लावून शेक द्या, सांगून ठिवते,” असं बजावून एस्टीने परत गेली. महिन्याने मी मुलीला घेऊन तिच्या घरी गेले. पाया पडायला वाकणार तर तिने खांदा धरला. “वाकू नगंस. टाके हायत.” मी विचारलं, तुला कसं कळलं गं मावशी? मला वाटत होतं ती म्हणेल अनुभव, किंवा देवाने बुद्धी दिली. ती मुलीचे तळवे चोळत होती. हात न थांबवता म्हणाली, “माजी थोरली पोटात अशीच गप झाली व्हती. समद्या म्हनल्या, गुणाचं हाय. मला कुनी इचारलंच न्हाई कवापासनं म्हनून.” मग मुलीला उलटं पालथं करून म्हणाली, “हिला जरा बाळसं धरू दे. लई काटकुळी हाय.”

तो धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुठल्याशा घरात कोणी न विचारलेला एक प्रश्न त्या बाईने इतकी वर्षं जपून ठेवला, आणि तो माझ्या वाट्याला आला. याला काय म्हणायचं ते मी वाचणाऱ्यावर सोडते. शरण जाणं म्हणजे डोळे मिटणं, अशी माझी समजूत होती, म्हणून मला त्याचा राग यायचा. त्या दिवशी मला कळलं की शरण जाणं म्हणजे कोणीतरी मनगट धरून उठवलं तर वाद न घालता उठणं. मी वाद घातला नाही, एवढंच माझं पुण्य. महाराज आता आपल्या प्रवचनात हा चमत्कार सांगतात, असं कानावर आलं. सांगू देत. गाडी त्यांचीच होती.

मुलगी आता आठ महिन्यांची आहे. ‘शूऽऽ’ लावलं की दोन्ही पाय झाडते. मी तिला टोपल्यांत ठेवून पाहिलं, गुंडाळून पाहिलं, मोरपीस लावून पाहिलं. ते तिने खाल्लं. लातुरातल्या शेकडो बाळांचे फोटो मी काढले, पण माझ्या मुलीचा न हललेला फोटो एकच आहे. तो आधार केंद्रावरच्या माणसाने काढला, आणि त्यात तिचे डोळे मिटलेले आहेत.