काळ्या काचेचा डबा

अटेंडंटने माझ्या बापाच्या चपला वर्तमानपत्राच्या कागदात धरून उचलून नेल्या आणि माझा बाप ते बघत बसला.

मी शिडीवर उभी राहून वरच्या बर्थवर पिशवी सरकवत होते. पनवेलला नुकतेच चढलो होतो; ही गाडी आमच्या पेणला थांबत नाही. फर्स्ट एसी. चार बर्थची केबिन, सरकतं दार, स्वच्छ चादरी. समोरच्या बर्थवर एक जोडपं मुंबईपासून बसून आलेलं. बाई साठीच्या, नीटनेटक्या, आवाज अगदी गोड. दाराबाहेर पॅसेजमध्ये चपला दिसल्या तशी त्यांनी अटेंडंटला बोलावलं.

"कोणा कामगाराच्या राहिल्यात वाटतं. उचला हो त्या, घाण दिसतंय."

डाव्या चपलेचा पट्टा निळ्या दोऱ्याने शिवलेला. तो मासळीच्या जाळ्याचा दोरा मीच बाबाला आणून दिलेला. मी ओळखून खाली उतरेपर्यंत अटेंडंट पॅसेजच्या टोकाला पोचला होता.

"बाबा, तुज्या ना त्या? बोललास का नाय?"

"जाव दे गो बाय," बाबा म्हणाला. आणि दोन्ही पाय बर्थखाली ओढून घेतले.

बाईंना तेव्हा कळलं. पण वरमतील त्या बाई कसल्या! "अहो, पण बाहेर कशाला काढायच्या? आम्हाला कसं कळणार?" मग जरा थांबून, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत, "अपग्रेड मिळालं का तुम्हाला? हल्ली आपोआप वरच्या वर्गात टाकतात म्हणे."

"नाही. तिकीट काढलंय," मी म्हणाले.

"अस्सं," त्या म्हणाल्या. त्यांच्या मिस्टरांनी पेपर वर केला.

बाहेर कशाला काढायच्या, हे त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. माझा बाप जन्मभर मिठागरात राबला. धरमतरच्या खाडीला लागून शेठचं आगर, आणि वर टेकाडावर शेठचा बंगला. बोलावणं आलं की बंगल्याच्या पायऱ्यांखाली चपला काढायच्या आणि फरशीवर उभं राहायचं. ओटीवर शेठ पाहुण्यांशी बोलत असायचा. त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं. भर उन्हाळ्यात. मी लहान असताना एकदा बाबाबरोबर गेले होते. पायात शाळेच्या नव्या सँडल. बाबाने त्या मला काढायला लावल्या. फरशी तव्यासारखी तापलेली. मी एक पाय उचलायचे, मग दुसरा. ओटीवरच्या एका पाहुणीला ते बघून हसू आलं. "बघा, बघा, पोरगी नाचते कशी!" शेठही हसला. आणि माझा बाप, माझा स्वतःचा बाप, तोसुद्धा हसला. मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

घरी येताना बाबा म्हणाला, "पाय शेकलं तर सर्दी होत नाय." गंमत केल्यासारखं. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आगर विकलं गेलं. शेठ केव्हाच वर गेला. पण ती पायरी बापाच्या डोक्यात तशीच आहे. जिथे जिथे फरशी चकचकीत, दार बंद आणि आत गारवा, तिथे तो चपला बाहेर काढतो. बँकेत काढतो. डॉक्टरकडे काढतो. मी पेणला ज्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते, तिथे मला भेटायला आला तरी काढतो. गाडीच्या डब्यातही तो काढेल, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण कोणाच्या येतं!

आता हा फर्स्ट क्लासचा घाट कशासाठी, तेही सांगते.

रेल्वे आमच्या आगराच्या अंगावरून जाते. बाबा खाऱ्या पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभा राहून मीठ ओढायचा, तेव्हा गाड्या जायच्या. आम्ही पोरं बांधावर उभी राहून हात हलवायचो. साध्या डब्यांतून लोक हात हलवायचे. पण एक डबा काळ्या काचेचा असायचा. त्यातून कधी कोणी हात केला नाही. आत माणसं आहेत की नाहीत, तेही दिसायचं नाही. बाबा कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "त्या डब्यातशी आपला आगर कसा दिसत असंल गो?" दरवेळी हेच.

यंदा माझ्या धाकट्या भावाने मडगावला घर बांधलं. तो तिथे जहाजदुरुस्तीच्या कामाला असतो. वास्तुशांतीला जायचं ठरलं आणि मी मनाशी म्हटलं, बास. बापाला त्या काचेच्या आत बसवायचं.

नवऱ्याने डोक्याला हात लावला. "डबा बदलला म्हणून गाव लवकर येतं का? गाडी तीच, रूळ तेच. एवढ्या पैशात घराला रंग निघाला असता." खोटं नव्हतं त्याचं. जादा ड्युट्या करून साठवलेले पैसे होते ते, आणि घराचे पोपडे निघालेत हे मलाही दिसत होतं. बाबाही म्हणाला, "आपल्याला काय, खिडकी मिलली म्हंजे झाला." पण मी हटले नाही. मला वाटत होतं, तिकिटात मान येतो. चादर येते, उशी येते, तसा मानही घडी घालून येत असेल. केवढी खुळी मी!

तर मी अटेंडंटच्या मागे गेले. मधल्या वयाचा, महाडकडचा माणूस. माझा चेहरा बघूनच समजला.

"ताई, मला म्हणाल्या उचला, मी उचलल्या. कचऱ्यात टाकल्या हो."

त्याने कचऱ्याची पिशवी उपसली. चपलांना चहाचा चोथा लागलेला, वर आमटी सांडलेली. तो पुसायला लागला. "द्या इकडे," मी म्हटलं. फर्स्ट क्लासच्या बेसिनमध्ये मी बापाच्या चपला धुतल्या. साबण लावून. चोळून चोळून. रडू येत नव्हतं, संताप येत होता. कोणावर, ते नीट ठरत नव्हतं. त्या बाईवर की मुकाट बसलेल्या बापावर. रेल्वेने दिलेल्या पांढऱ्या टॉवेलनेच पुसल्या आणि परत निघाले.

बाबा केबिनमध्ये नव्हता. पॅसेजच्या टोकाला, अटेंडंटच्या घडीच्या सीटवर, अनवाणी, अंग चोरून बसला होता.

"इथे का बसलास?"

"त्यांना जरा पाठ टेकायची व्हती. बोलल्या, काका, भाहेर बसता का. मी बोललू, बसतू. त्याला काय झाला?"

पॅसेजची खिडकी डोंगराच्या बाजूची. खाडी त्या अंगाला, केबिनच्या खिडकीत. मी दारातून आत पाहिलं. समोर मिस्टर पेपर पसरून बसलेले, आणि बाई आमच्या बर्थवर, बाबाच्या खिडकीशी आडव्या झालेल्या. पडदा ओढलेला. मी तरातरा आत जाऊन पडदा सारला. बाहेर पेणच्या अलीकडचे विटांचे ढीग दिसत होते.

बाबा मागून आला. दाराबाहेरच थबकला. काचेकडे बघत हळूच म्हणाला, "गेला काय गो आगर?"

गेला होता. पाऊण आयुष्य ज्या खाऱ्या चिखलात घातलं, ते एकदा काचेतून बघायचं होतं माणसाला. एवढंच. ते पडद्याआडून निघून गेलं आणि हा तिकडे दुसऱ्याच्या सीटवर पाय आखडून बसला होता.

माझ्या आत काहीतरी तुटलं ते तिथे. मी चपला बाबाच्या पायांपुढे ठेवल्या.

"घाल."

"आत? घालून?"

"घालून."

त्याने घातल्या. मी त्याचा दंड धरला आणि उंबऱ्याच्या आत आणला.

"उठा," मी बाईंना म्हटलं. "ही जागा माझ्या बाबाची आहे."

त्या उठून बसल्या. "अहो, मी फक्त विनंती केली होती. जबरदस्ती नाही केली."

"विनंती करताना समोरच्याला नाही म्हणता यायला पाहिजे. त्याला आयुष्यात कोणी नाही म्हणू दिलेलं नाही."

"केवढ्याने बोलताय! एक तिकीट काय काढलं..."

"तिकीट काढलं नसतं तरी त्या चपला त्याच्याच होत्या," मी म्हणाले.

मिस्टरांनी पेपर खाली केला. "जाऊ दे ना, त्या लोकांच्या नादी कशाला लागतेस," असं बायकोला म्हणाले. हळू म्हणाले, पण ऐकू जाईल इतपत. ते लोक. मी तिथेच उभी होते. बाबाही. बाई उठून आपल्या जागेवर गेल्या. माफी कोणी मागितली नाही.

बाबा खिडकीशी बसला. चपला पायात होत्या, पण टाचा वर उचललेल्या. जमिनीला लागू देत नव्हता. गुडघ्यांचं दुखणं असलेला माणूस, तासन्तास तसा अधांतरी बसला. मी दोनदा म्हटलं, "पाय टेक ना, बाबा." त्याने टेकले आणि पुन्हा उचलले. ते बघवत नव्हतं. मी समोर बघत राहिले. बाई माझी नजर चुकवत होत्या.

मडगावला भावाच्या दारात आलो. भावजय भाकरतुकडा ओवाळायला उभी. बाबाने घरावर खालपासून वरपर्यंत नजर फिरवली, आणि वाकून, सावकाश, पायरीवर चपला काढल्या. पायानेच नीट जोडून ठेवल्या.

"हितं काढतू," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "हा माज्या पोराचा घर हाय."

म्हणजे त्याला सगळं कळत होतं. कुठे काढायच्या आणि कुठे काढायला लावतात, यातला फरक त्याला माझ्याआधीपासून ठाऊक होता. कळत असून तो तापल्या फरशीवर हसला होता. मला चटका बसल्यासारखं झालं. तो हसला नसता, तर दुसऱ्या दिवशी आगरात घेतलं असतं का त्याला?

नवऱ्याचा फोन आला. "फिटली हौस? येताना साध्या डब्याने या आता." भाऊही तेच म्हणतो. ताई, नसता मनस्ताप कशाला विकत घ्यायचा? बरोबर आहे. त्या पैशात गारवा मिळाला, उशी मिळाली. मान मिळाला नाही. तो तिकिटाच्या खिडकीवर विकायला नसतोच, हे आता मला पक्कं समजलं.

तरी परतीचं तिकीट त्याच डब्याचं काढलंय. उद्या निघतोय. कोणती बाजू मिळेल सांगता येत नाही. पॅसेजची बाजू खाडीकडे आली तर आम्ही दोघं पॅसेजमध्ये उभे राहू. आमच्या मर्जीने उभे राहू, कोणी पाठवलं म्हणून नाही. आगर आलं की बाबाने काचेतून हात करायचा, असं मी त्याला सांगून ठेवलंय. बांधावर कोणी नसेल बहुतेक. तरी करायचा.

आणि चपला पायात राहतील. यापुढे माझा बाप चपला काढेल तो देवाच्या दारात आणि आपल्या माणसाच्या दारात. काल त्या कचऱ्यातून मी आणल्या, मी धुतल्या. पुन्हा मी धुणार नाही. ज्याच्या सांगण्यावरून उचलल्या जातील, त्यालाच कचऱ्यात हात घालायला लावीन.

आज दुपारी मोच्याकडे बसून निळ्या दोऱ्याने दुसरा पट्टाही शिवून घेतला.