ढोलकापुढे टिकणारा आवाज

आमच्या ॲम्प्लिफायरचा दुसरा जॅक कधीच बिघडला नव्हता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्याबरोबर या चार वर्षांत कितीदा तरी चहा घेतला, आणि दर वेळी हवापाण्याचं आणि बोर धरणातल्या पाण्याचं बोलून उठलो.

मी सेलूला सरकारी कार्यालयात कारकून आहे. गिटार उशिरा शिकलो, पस्तिशी उलटल्यावर, मोबाइलवर व्हिडिओ पाहून. आमची भीमगीतांची छोटी पार्टी आहे. दोन गाणारे, एक ढोलकवाला, एक बेंजोवाले काकाजी आणि मी. जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, कोणाकडे नामकरण, कोणाचं नवं घर, अशी बोलावणी येतात. दर रविवारी विहारात सराव. बाकी आठवडाभर प्रत्येक जण आपापल्या कामात.

काकाजी हिंगणीचे. आयुष्याची बरीच वर्षं मिलमध्ये मागावर काढली, मिल बंद पडल्यावर गावी परतले. त्यांचा बेंजो म्हणजे लाकडी पेटी, त्यावर पोलादी तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. वाजवायला लागले की त्यांची बोटं दिसायची नाहीत. पण त्या पेटीचा आवाज मुळात बारीक. ढोलकाच्या माइकजवळ सरकून बसायचे, तेवढाच काय तो लोकांपर्यंत जायचा. तीसेक वर्षं हा माणूस वाजवत होता आणि चार हातांपलीकडे त्यांना नीट कोणी ऐकलेलं नव्हतं. कधीतरी मशीनला जोडायला मिळेल म्हणून त्यांनी पेटीच्या आत तारांचा आवाज उचलणारा एक पिकअप स्वतःच बसवून घेतला होता. त्याची वायर कायम नीट गुंडाळून, रबर लावून पिशवीत असायची. ती वापरलेली मी पाहिली नव्हती.

माझ्याकडे तेव्हा वीस वॅटच्या ॲम्पचा एक डबा होता. घरी लावला की फडताळातले पेले वाजायचे, बायको दार लावून घ्यायची. मला वाटायचं, केवढा मोठा आवाज आहे. मग तळेगावला कार्यक्रम झाला. उघडं मैदान. ढोलकाची पहिली थाप पडली आणि मी संपलो. हात चालू आहेत, तारा हलताहेत, आवाज नाही. साउंडवाल्याकडे चार माइक. दोन गाणाऱ्यांना, एक ढोलकाला, आणि चौथा भाषणांसाठी राखून ठेवलेला, त्याला हात लावायची सोय नव्हती. पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "हे गिटारवाले भाऊ फोटोसाठी आणले काय?" आमचा ढोलकवाला परतीच्या वाटेवर ते वाक्य तीनदा म्हणाला.

तेव्हा मी ठरवलं की मोठा ॲम्प घ्यायचा. किती वॅटचा, कुठला, काही कळत नव्हतं. काकाजी म्हणाले, नागपूरला जाऊ, मी येतो, आणि ढोलकही सोबत घेऊ. ढोलक कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, लग्नाच्या पोरीला एकटं पाहून चालते काय, घरातले सगळे पाहावे लागतात.

ढोलकवाल्यासह आम्ही तिघं एसटीने निघालो. ढोलक मांडीवर पाहून कंडक्टरने वरात कुठली म्हणून विचारलं. दुकानदार मात्र हसला नाही, वैतागला. त्याच्याकडे लोक यायचे, तारा छेडायचे, आवाज वाढवायचे, दचकायचे आणि घ्यायचे. आमचा ढोलकवाला त्याच्या फरशीवर मांडी घालून बसला आणि जयंतीच्या मिरवणुकीत वाजवतो तसा पूर्ण जोराने वाजवायला लागला. मी गिटार जोडली. काकाजी दुकानात थांबलेच नाहीत. रस्ता ओलांडून पलीकडच्या रसवंतीपाशी गेले, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि डावा कान थोडा वळवला. उजवा मिलमध्ये अधू झाला होता. ठरलं असं होतं की गिटार ढोलकापासून वेगळी ऐकू आली की त्यांनी हात वर करायचा.

दुकानदाराने आधी शंभर वॅटचा नवाकोरा लावला. फरशी थरथरली. काचेच्या कपाटातल्या तारांची पाकिटं हलायला लागली. माझ्या पोटात धडधड जाणवत होती, मला तर तिथेच तो घ्यावासा वाटला. रस्त्यापलीकडे काकाजींचा हात खालीच. दुसरा लावला. हात खाली. तिसऱ्याला थोडा हलला, मग पुन्हा खाली. दुकानदार मला हिंदीत म्हणाला, बुढ्ढे को सुनाई कम देता है क्या.

कोपऱ्यात एक जुना पडला होता. कोणीतरी विकून गेलेला, साठ वॅटचा, बारा इंची स्पीकर, जाळीवर धूळ. मीच म्हटलं, हाही लावून पाहू. दुकानात तो काही फार मोठा वाटला नाही. फरशी थरथरली नाही. पण तिकडे हात वर गेला. ट्रक गेला, दोन ऑटो गेले, रसाचं यंत्र फिरत होतं, इकडे ढोलकवाला घामाघूम. हात वरच होता. मी मुद्दाम मध्येच वाजवणं थांबवलं. हात खाली आला. पुन्हा छेडलं. वर. पाठमोरा माणूस, एका कानाचा, भर रस्त्याच्या गोंगाटात माझी एकेक तार वेगळी काढत होता. दुकानदार पायरीवर येऊन उभा राहिला आणि नुसता बघत राहिला. नंतर त्यानेच आमच्यासाठी रस मागवला.

रस पिताना काकाजींनी सांगितलं की मिलमध्ये शेकडो माग एकदम चालायचे, शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नसे, पण आपल्या मागाचा धागा तुटला की कळायचं. ऐकायला मोठा आवाज लागत नाही. मग ते म्हणाले,

"बाबू, ढोलक खाली बसला हाय. गाणारा वरतं हाय. मधातली जागा रिकामी हाय. तू तिथं बस, मंग तुले ओरडाचं काम नाई."

शंभर वॅटवाल्याचा जाड, खालचा आवाज ढोलकाच्या जागेवर जाऊन बसत होता, म्हणून दोघं एकमेकांना खात होते. इतकं साधं. मी इतके व्हिडिओ पाहिले होते, हे कोणी सांगितलं नव्हतं.

ॲम्प बांधून घेताना त्यांनी त्यावरून हात फिरवला आणि वरच्या पट्टीवर बोट थांबवलं. तिथे जॅक लावायच्या दोन जागा होत्या, प्रत्येकीला वेगळं आवाजाचं बटण. त्यांनी मला विचारलं, "दोन हाय ना?" मी हो म्हटलं. एसटीत पूर्ण वाट त्यांनी तो ॲम्प दोन्ही पायांच्या मध्ये धरून ठेवला.

त्या रविवारी विहारात त्यांनी पिशवीतली वायर काढली. रबर सुकून तुटलं. दुसऱ्या जॅकमध्ये वायर घातली आणि एक गाणं सुरू केलं. तो आवाज मी इथे लिहून दाखवू शकणार नाही. तारेला धार होती आणि धारेत कुठेतरी रडूही होतं. गाणारा आपली ओळ विसरला. विहारात झाडायला आलेल्या बाया केरसुण्या टेकून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं हे आमच्या शेजारी बसलेलं होतं आणि आम्हाला ठाऊक नव्हतं. मी गिटार वाजवत होतो, पण माझ्याकडे कोणीही पाहत नव्हतं. मीही नाही. मी त्यांच्या बोटांकडे पाहत होतो. आयुष्यात फार थोड्या वेळा मी असा थक्क झालो आहे. आणि त्याच गाण्यात, अजून ते संपलंही नव्हतं, मला वाटलं की ॲम्प माझा आहे.

पुढच्या आठवड्यात जयंती होती. आमचा कार्यक्रम हिंगणीलाच होता, काकाजींच्या गावी, दुपारी चारला. त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं की या वर्षी बेंजो ऐकू येईल. लेक सासरहून आली होती. काकू पांढऱ्याशुभ्र लुगड्यात पुढच्या सतरंजीवर, शेजारी दोन नाती. काकाजींनी पांढरा सदरा इस्त्री करून घातला होता. ॲम्प माझ्या उजव्या हाताशी, बटणं माझ्याकडे तोंड करून. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, जवळचं नीट दिसत नसे.

ते येऊन बसायच्या आधी मी दुसऱ्या जॅकचं बटण शून्यावर आणलं. एवढंच केलं. दोन बोटांचं काम.

त्यांनी वायर लावली. तार छेडली. काही नाही. पुन्हा लावली. माझ्याकडे पाहिलं.

"काकाजी, दुसरा जॅक गेला वाटते."

"काऊन? रविवारी त चांगला होता."

"रविवारी होता."

त्यांनी थोडा वेळ ॲम्पकडे पाहिलं. मी खाली वाकून उगाच माझी वायर सरळ करत राहिलो. मग ते "बरं" म्हणाले. बेंजोवर दुपट्टा टाकला, तो मागे सरकवला, आणि सगळा कार्यक्रम मांडी घालून टाळ्यांचा ठेका धरला. लेक खालून खुणेने विचारत होती, का वाजवत नाही म्हणून. त्यांनी हाताने सांगितलं की मशीन खराब आहे. माझी गिटार त्या दिवशी शेवटच्या रांगेपर्यंत गेली. ज्या मधल्या जागेत त्यांनी मला बसवलं होतं, तिथे बसून मी वाजवलं. लोकांनी येऊन हात मिळवले. काकूंनी पाणी आणून दिलं आणि छान वाजवता म्हणाल्या.

इथपर्यंत झालं असतं तर कदाचित मी दुसऱ्या दिवशी बोललो असतो. म्हणजे असं मी स्वतःला सांगत आलो. पण दुसऱ्याच दिवशी काकाजींनी विहारातून तो ॲम्प उचलला, वीस किलोचं ते धूड, आणि एसटीत घालून वर्ध्याला एका मिस्त्रीकडे नेलं. आपणच. कोणाला सांगितलं नाही. दोन दिवसांनी तसाच परत आणला. रविवारी सरावाला सगळे बसले असताना मला म्हणाले,

"तार सुटली होती आतली. मिस्त्रीनं जोडली. आता दोन्ही चालते."

मी म्हटलं, बरं झालं. मला वाटलं, खरंच काहीतरी सुटलं असेल. माणूस स्वतःच्या खोट्यावरही किती पटकन विश्वास ठेवतो. पण त्या दिवशी त्यांनी बेंजो आणलाच नव्हता. ढोलकवाल्याने विचारलं तर म्हणाले, बोटं दुखून राह्यली. पुढच्या रविवारीही नाही. मग आमच्यात सगळ्यांनी धरून घेतलं की काकाजींचं वय झालं, बोटं थकली. ढोलकवाला थट्टेने म्हणायचा, काकाजी आता पेन्शनीत निघाले. मी हसायचो. एकदा मीच म्हणालो, सांधे धरतात या वयात.

दोन-अडीच महिन्यांनी माझ्या गिटारची वायर तुटली. झाळायला त्याच मिस्त्रीकडे गेलो. त्याने नाव-गाव विचारलं आणि त्याला आठवलं. तुमचे ते बुजुर्ग आले होते ना ॲम्प घेऊन, म्हणाला. मी उघडून पाहिला, काहीच झालं नव्हतं. त्यांना सांगितलं की जॅक चांगला आहे, कोणीतरी बटण बंद ठेवलं असेल. मग त्यांनी मला चहा पाजला, आणि निघताना म्हणाले, कोणी विचारलं तर तार जोडली म्हणून सांगजो.

मिस्त्री हे गंमत म्हणून सांगत होता. मी वायर तिथेच विसरून आलो.

तेव्हापासून मी ते उलगडत बसतो. ज्या माणसाला रस्त्यापलीकडून तार वेगळी ऐकू यायची, त्याला माझ्या आवाजातलं खोटं त्या मंडपातच कळलं नसेल काय? मग ते धूड उचलून वर्ध्याला काय ॲम्प दुरुस्त करायला गेले होते? मला वाटतं, ते माझ्यासाठी एखादं कारण शोधायला गेले. तिथे ते मिळालं नाही, म्हणून त्यांनी स्वतः बनवून आणलं, आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं. त्यांच्याएवढा मोठा माणूस मी पाहिला नाही, आणि मी त्याला गप्प बसवलं. ही दोन वाक्यं मला एकत्र म्हणता येत नाहीत, म्हणून वेगवेगळी लिहितो.

ते अजून हिंगणीला असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता पेपर वाचतात. आमच्या कार्यक्रमांना येतात, पुढे बसतात. बेंजो घरी कपड्यांच्या ट्रंकेवर ठेवलेला मी पाहिला आहे, आणि त्यावर धूळ नव्हती. म्हणजे घरी वाजवत असावेत. काकू ऐकत असतील.

मी काय केलं हे त्यांना माहीत आहे, म्हणून त्यांना सांगण्यासारखं फार काही उरलेलं नाही. पार्टीतल्या बाकी तिघांना आणि हिंगणीच्या लोकांना मात्र वाटतं की त्यांची बोटं थकली. त्यांची बोटं थकली नव्हती, मी बटण बंद केलं होतं, हे काकाजी समोर बसलेले असताना मी सगळ्यांना सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.